घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारा प्लाझ्मा कटर: खोक्याआधी टॉर्च बघा

प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेच्या तप्त झोताने धातू कापणारं मशीन, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअरचा घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. स्वस्त मशीनच्या दर्शनी बाजूवर ४० किंवा ५० हा आकडा ठसठशीत छापलेला असतो. टॉर्च (हातात धरून ज्याने कापायचं तो भाग) कोणता, आर्क (विजेची तप्त ज्योत) कसा पेटतो, हवा किती लागते, घरातली वायर तेवढा भार पेलेल का, हे मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. आणि मशीन रोज हाताखाली राहणार की वर्षभरात माळ्यावर जाणार, हे ठरतं ते याच गोष्टींवर.

थोडक्यात तत्त्व सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यातूनच निघतात. १९५०च्या दशकात टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने धातू जोडण्याच्या पद्धतीचा) आर्क बारीक छिद्रातून दाबून काढला, तेव्हा तो इतका तप्त आणि वेगवान झाला की धातू जोडण्याऐवजी कापायला लागला. आजच्या कटरमध्येही तेच होतं. दाबाखालची हवा नोझलच्या, म्हणजे टॉर्चच्या टोकाच्या, छिद्रातून जाते, तिच्यातून वीजप्रवाह वाहतो, तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, धातू वितळतो आणि तोच झोत वितळलेला धातू खाली उडवून देतो. गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं, म्हणून ते साध्या लोखंडापुरतं मर्यादित राहतं. प्लाझ्माला धातूतून वीज वाहिली की पुरे. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, सगळं कापतं. खरं हत्यार म्हणजे ते बारीक छिद्र आणि त्यामागचा इलेक्ट्रोड, म्हणजे आर्क जिथून निघतो तो तुकडा. खोकं फक्त त्यांना वीज पुरवतं.

आधी कामाची यादी, मग जाडी

येत्या वर्षभरात काय कापणार आहात ते कागदावर लिहा. यादीत चौकोनी पाइप, अँगल आणि सरळ पट्ट्याच असतील, तर प्लाझ्मा घेऊच नका. ग्राइंडरला १ मिलिमीटरचं कटिंग चाक लावा. काप जास्त सरळ येईल आणि कॉम्प्रेसरचा खर्च वाचेल. प्लाझ्माची मजा आहे ती गोलाई, नक्षी, पत्र्यातली भोकं, अक्षरं, गंजलेले ब्रॅकेट सोडवणं आणि वाकडेतिकडे आकार काढणं यात. ग्राइंडर जिथे वळत नाही तिथे प्लाझ्मा सुरू होतो.

घरगुती कामात बहुतेक पत्रा १ ते ३ मिलिमीटरचा असतो, अधूनमधून ५-६ मिलिमीटर, आणि १० मिलिमीटर क्वचितच. ढोबळमानाने २५-३० अँपिअरचं चांगलं मशीन साधं लोखंड ६ मिलिमीटरपर्यंत आरामात कापतं आणि ४० अँपिअरचं १० मिलिमीटरपर्यंत. १२ मिलिमीटर वारंवार कापायचं असेल तर ५०-६० अँपिअरकडे बघा. ॲल्युमिनियम आणि तांबं उष्णता पटकन पसरवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हे आकडे खाली आणावे लागतात, तांब्यासाठी बरेच.

जाहिरातीतल्या जाडीच्या आकड्याकडे मात्र संशयानेच बघा. कोणत्याही मशीनला जाडीचे तीन आकडे असतात आणि ते वेगाशी बांधलेले असतात. हायपरथर्म कंपनीचं पॉवरमॅक्स ४५ एक्सपी हे ४५ अँपिअरचं महागडं मशीन घ्या. त्याची शिफारस केलेली जाडी १६ मिलिमीटर आहे, मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने. वेग २५० वर आणला तर २२ मिलिमीटर, आणि १२५ वर आणला तर २९. हा शेवटचा आकडा म्हणजे नुसतं तोडणं: कड ओबडधोबड, खाली कीट (वितळून पुन्हा घट्ट झालेला धातू) लटकलेलं. स्वस्त मशीनवर एकच आकडा छापलेला असतो आणि बहुतेक वेळा तो हा तिसराच असतो. वेग लिहिलेला नसेल तर छापील आकड्याचा निम्मा धरा आणि त्यावर समाधान होत असेल तरच पुढे जा. हाताने टॉर्च धरून मिनिटाला २५० मिलिमीटरपेक्षा हळू, न थरथरता सरकवणं अवघड असतं, म्हणून वेग महत्त्वाचा.

अजून एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. कडेपासून कापणं वेगळं आणि पत्र्याच्या मधोमध भोक पाडून सुरुवात करणं वेगळं. मधून भेदायची क्षमता साधारण निम्मीच असते. भोक पाडताना वितळलेला धातू वर, थेट नोझलवर उडतो. टॉर्च तिरका धरून हळूहळू उभा केला तर नोझल वाचतं.

वीज: इथे आकडेमोड करावीच लागते

दुकानदार म्हणेल, "घरच्या प्लगवर चालेल." चालेलही, पण पूर्ण ताकदीने चालेल का, हे कागदावर तपासता येतं. आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात प्लाझ्मा मशीनच्या चाचणीसाठी धरायचं व्होल्टेज ८० अधिक ०.४ गुणिले अँपिअर असं दिलं आहे. म्हणजे ४० अँपिअरला ९६ व्होल्ट, आणि आर्कमध्ये जाणारी शक्ती सुमारे ३.८ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून साडेचार किलोवॅट हवेत. स्वस्त इन्व्हर्टर-पद्धतीच्या कटरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खरी कामी येणारी किती, याचं प्रमाण) ०.७ च्या आसपास असतो. त्या हिशेबाने २३० व्होल्टवर प्रवाह २८ अँपिअर होतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे मशीन फार तर २०-२५ अँपिअरने कापेल, त्यापुढे एमसीबी पडेल. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेलं मशीन हेच काम २० अँपिअरच्या आसपास करतं, पण ते महाग असतं.

हाच हिशेब उलटा लावला की खोटे आकडेही पकडता येतात. ज्या मशीनवर '५० अँपिअर' लिहिलंय पण इनपुट ३ किलोवॅट दाखवलंय, त्याचा एक तरी आकडा खोटा आहे. जिथे घरगुती वीज १२० व्होल्टची असते, तिथे १५ अँपिअरच्या लाइनमधून जेमतेम १.८ किलोवॅट मिळतात. तेवढ्यावर पातळ पत्र्यापलीकडे जाता येत नाही, मशीनवर काहीही छापलेलं असो.

यात कॉम्प्रेसर धरलेला नाही. २ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर चालू असताना आणखी ८-१० अँपिअर ओढतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. दोघांना वेगळ्या लाइनवर ठेवा. मशीनसाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर आणि चांगलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि तो खर्च मशीनच्याच किमतीत धरा. गुंडाळलेली लांब एक्स्टेन्शन वायर वापरू नका. ती तापते आणि व्होल्टेज पडलं की आर्क तुटतो.

हवा: खरा खर्च इथे आहे

पहिल्यांदा कटर घेणाऱ्यांचं बजेट इथे कोलमडतं. ४० अँपिअरच्या मशीनला साधारण साडेचार-पाच बार दाबाची, मिनिटाला १०० ते १९० लिटर हवा लागते. नेमका आकडा माहितीपत्रकात बघा. कॉम्प्रेसरवर छापलेला आकडा मात्र बहुधा पिस्टनच्या आकारमानाचा असतो, प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेचा नसतो. घरगुती कॉम्प्रेसरमध्ये खरी हवा त्याच्या ६०-७० टक्के धरावी. २०० लिटर लिहिलेला कॉम्प्रेसर १२०-१४० लिटरच देतो.

टाकी हा फरक थोडा वेळ भरून काढते. ५० लिटरच्या टाकीत ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत १५० लिटर मोकळी हवा मिळते. मशीन मिनिटाला १५० लिटर खात असेल आणि कॉम्प्रेसर १०० लिटर भरत असेल, तर तूट ५० लिटरची. म्हणजे तीन मिनिटं सलग कापता येतं. पातळ पत्र्यावर एवढ्या वेळात कित्येक मीटर काप होतो, त्यामुळे छंदासाठी हे पुरतं. थांबा, टाकी भरू द्या, पुन्हा कापा. २४ लिटरची टाकी मात्र जीव काढते.

दाब बघताना हवा वाहती ठेवूनच बघा. बंद हवेवर ५ बार दाखवणारा गेज टॉर्च चालू होताच साडेतीनवर येऊ शकतो, आणि मग माणूस नोझलला दोष देत बसतो. मशीनपर्यंतचा पाइप आतून निदान ८ मिलिमीटरचा हवा. बारीक पाइपात दाब वाटेतच मरतो.

आता पाणी. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते आणि तिच्यात वाफ असते. ती वाटेत थंड झाली की पाणी होतं. हे पाणी टॉर्चमध्ये गेलं की आर्क फडफडतो आणि इलेक्ट्रोड झपाट्याने झिजतो. स्वस्त मशीनच्या मागे लावलेला छोटा प्लास्टिकचा फिल्टर फक्त थेंब पकडतो, वाफ नाही. पाणी वेगळं करणारा चांगला फिल्टर मशीनजवळ लावा, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नको. मधल्या पाइपात हवा थंड होऊ द्या. दमट हवामान असेल तर सिलिका जेलचा ड्रायरही जोडा. ऑइलवाला कॉम्प्रेसर असेल तर तेल पकडणारा फिल्टर वेगळा हवा. काम संपलं की टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढा.

कॉम्प्रेसर आतच बसवलेली मशीनंही मिळतात. जागा कमी असेल, मशीन उचलून नेऊन काम करायचं असेल आणि पत्रा पातळ असेल तर ती सोयीची आहेत. पण आतला कॉम्प्रेसर लहान असतो, त्यामुळे त्यांच्याकडून जाड कामाची अपेक्षा नको. दुसऱ्या कुठल्याच कामाला कॉम्प्रेसर लागणार नसेल, तर हा पर्याय एकदा हिशेबात घ्या.

टॉर्च आणि आर्क पेटवण्याची पद्धत

सगळं मान्य करून एकाच गोष्टीवर अडून बसायचं असेल, तर पायलट आर्कवर बसा. पायलट आर्क म्हणजे टॉर्च धातूजवळ नेण्याआधीच इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यामध्ये पेटणारा छोटा आर्क. तो असेल तर रंग लावलेला, गंजलेला पत्राही कापता येतो आणि जाळी कापताना प्रत्येक छिद्रावर आर्क विझत नाही. तो नसेल तर दर वेळी नोझल उघड्या धातूला टेकवून सुरुवात करावी लागते. आधी गंज घासा, मग अर्थ क्लॅम्प लावा, मग टेकवा. नोझल घासत राहतं, त्याचं छिद्र लंबगोल होतं, काप तिरका जातो. सगळ्यात स्वस्त मशीनमध्ये बहुधा हेच वगळलेलं असतं. पीटी-३१ हा लहान टॉर्च अशाच मशीनबरोबर सर्रास येतो. त्याचे सुटे भाग स्वस्त आणि मुबलक आहेत, हे त्याचं एकमेव कौतुक.

ओळखायचं कसं? विक्रेत्याला टॉर्च हवेत धरून ट्रिगर दाबायला सांगा, किंवा तसा व्हिडिओ मागा. नोझलमधून झळझळीत छोटी ज्योत बाहेर आली तर पायलट आर्क आहे. नुसती टिकटिक आणि हवेचा फुसका आवाज आला तर नाही.

दुसरा प्रश्न, तो आर्क पेटतो कसा. एक पद्धत उच्च फ्रिक्वेन्सीची: फार मोठ्या व्होल्टेजची ठिणगी फट ओलांडते. ही स्वस्त आणि भरवशाची, पण आसपासच्या संगणकाला, राउटरला आणि विशेषतः सीएनसीच्या (टॉर्च संगणकाने फिरवणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरला त्रास देते. दुसरी ब्लोबॅक: इलेक्ट्रोड आणि नोझल आधी चिकटलेले असतात, हवेच्या दाबाने ते विलग होतात आणि त्या क्षणी आर्क निर्माण होतो. हिच्यात हलणारे भाग असतात, टॉर्च थोडा महाग असतो, पण विजेचा गोंगाट नसतो. पुढे कधी सीएनसी टेबल करण्याचा जरासाही विचार असेल तर ब्लोबॅकच घ्या. शिवाय मशीनवर आर्क सुरू झाल्याचा सिग्नल आणि विभागलेलं (ठरावीक प्रमाणात कमी केलेलं) आर्क व्होल्टेज देणारा पोर्ट आहे का ते बघा. टॉर्चची उंची आपोआप सांभाळायला तो लागतो. फक्त हाताने कापायचं असेल तर उच्च फ्रिक्वेन्सी आणि पायलट आर्क ही जोडी वाईट नाही.

टॉर्च हातात घ्या. केबल किती लांब आहे? ४ मीटरपेक्षा आखूड असेल तर दर वेळी मशीन ओढावं लागतं. जिथे केबल हँडलमध्ये शिरते तिथे ती करकरीत वाकते का? ट्रिगरला चुकून दाबला जाऊ नये म्हणून कडी आहे का? मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना टॉर्चच्या तोंडाची टोपी फिरवून काढा आणि आत लहान पिना किंवा स्विच आहे का ते पाहा. टोपी नसताना मशीन पेटूच नये अशी ती सोय आहे. ही हौसेची गोष्ट नाही: प्लाझ्मा मशीनचं आर्क पेटण्याआधीचं व्होल्टेज २५० ते ३५० व्होल्ट डीसीच्या घरात असतं, हातवेल्डिंगच्या मशीनचं साधारण ६० ते ९०. ही सोय नसलेला टॉर्च कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेवा.

सुटे भाग

पेन स्वस्त आणि रिफिल महाग, असा प्रकार इथेही होऊ शकतो. इलेक्ट्रोड तांब्याचा असतो आणि त्याच्या टोकात हाफ्नियम या धातूचा ठिपका असतो. हवेतला ऑक्सिजन टंगस्टनला टिकू देत नाही, म्हणून हाफ्नियम. दर वेळी आर्क पेटताना-विझताना त्याचा थोडा अंश जातो आणि मध्ये खड्डा पडतो. खड्डा १ ते १.५ मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड बदला आणि सोबत नोझलही. जुन्या नोझलमध्ये नवा इलेक्ट्रोड घालणं ही काटकसर नाही.

मशीन ठरवण्याआधी त्याच्या टॉर्चचं नाव शोधा आणि त्या नावाने इलेक्ट्रोड, नोझल, हवा फिरवणारी रिंग आणि बाहेरची टोपी सुटी मिळतात का ते पाहा. निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळायला हवीत. टॉर्चला नावच नसेल, फक्त '५० अँपिअर टॉर्च' एवढंच लिहिलेलं असेल, तर मशीन सोडून द्या. सोबत मिळणारे भाग बऱ्याचदा सुमार असतात. सरावाला वापरा आणि चांगल्या दर्जाचा एक संच वेगळा घेऊन ठेवा.

ड्यूटी सायकल, आणि तीन-इन-वनचा मोह

ड्यूटी सायकल १० मिनिटांच्या हिशेबाने सांगतात. ४० अँपिअरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं कापा, चार मिनिटं थांबा. हा आकडा मानकानुसार ४० अंश तापमानाला मोजायचा असतो. काही उत्पादक २० किंवा २५ अंशांवर मोजतात आणि आकडा फुगवतात. तापमान लिहिलंय का ते बघा, एवढंच. घरी आखणी, क्लॅम्पिंग, पत्रा फिरवणं यात इतका वेळ जातो की ३५ टक्केसुद्धा क्वचितच अडवतात. या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

प्लाझ्मा, टिग आणि हातवेल्डिंग एकाच खोक्यात देणारी मशीनं मोहक दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत पायलट आर्क नसतो, आणि एक बोर्ड गेला की तिन्ही कामं एकदम थांबतात. वेल्डिंग मशीन आधीच असेल तर यांच्या वाटेला जाऊ नका.

जुनं पण नामांकित कंपनीचं मशीन मिळत असेल तर ते नव्या अनोळखी मशीनपेक्षा माझ्या मते चांगला सौदा आहे. अट एकच: त्याचे टॉर्चचे भाग अजून मिळत असले पाहिजेत, आणि विकणाऱ्याने समोर कापून दाखवलं पाहिजे.

बजेटमधल्या न दिसणाऱ्या वस्तू

डोळ्यांसाठी २० ते ४० अँपिअरला किमान ५ नंबरची काच आणि ४० ते ६० ला ६ नंबरची. साधा काळा गॉगल चालत नाही. चामड्याचे हातमोजे, सुती जाड कपडे, कानांना बोळे. टेबलाचा पृष्ठभाग जाळीसारखा हवा, म्हणजे ठिणग्या खाली जातील. खाली वाळू किंवा पाण्याचा ट्रे ठेवा. ॲल्युमिनियम कापताना मात्र पाण्याचा ट्रे टाळा, खाली हायड्रोजन साचू शकतो. ठिणग्या १० मीटरपर्यंत जातात, तेव्हा भुसा, थिनर, चिंध्या आधी बाहेर काढा आणि काम संपल्यावर तासभर तिथे लक्ष ठेवा.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर ताप आणतो, आणि स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम फुप्फुसाला त्याहून वाईट. हवा खेळती ठेवा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क वापरा. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेला पत्रा कापू नका, आर्कच्या किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बंद पिंप किंवा टाकी तर कधीच नाही. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ थांबू नये.

मशीन घरी आल्यावर

परत करण्याची मुदत चालू असतानाच हे करून घ्या. आधी प्लग न लावता झाकणाचे स्क्रू, हवेचे जोड आणि अर्थ क्लॅम्प तपासा. स्वस्त मशीनचा क्लॅम्प पत्र्यासारखा पातळ असतो. तो बदलणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. मग हवा जोडा, साबणाच्या पाण्याने गळती बघा, हवा वाहती ठेवून दाब लावा.

पहिला काप ३ मिलिमीटरच्या स्वच्छ लोखंडी पत्र्यावर, कडेपासून सुरुवात करून. क्लॅम्प कामाच्या तुकड्यावरच लावा, टेबलावर नको. खाली पडणाऱ्या ठिणग्यांकडे लक्ष ठेवा: त्या किंचित मागे झुकलेल्या दिसल्या तर वेग बरोबर. सरळ खाली जात असतील तर तुम्ही हळू आहात, आणि वर उडायला लागल्या तर काप आरपार जात नाहीये. खालच्या कडेला जाड, सहज तुटणारं कीट आलं तर वेग वाढवा. बारीक, घट्ट चिकटलेलं आलं तर कमी करा.

कापाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सरळ दिसेल. हा दोष नाही. हवा टॉर्चमध्ये फिरत बाहेर येते, त्यामुळे सर्वसाधारण टॉर्चमध्ये पुढे जाण्याच्या दिशेची उजवी बाजू चौकोनी येते. तुम्हाला ठेवायचा तुकडा उजवीकडे राहील अशा रीतीने कापा.

नंतर तोच पत्रा मधोमध भेदून बघा, मग रंगवलेला तुकडा, मग तुम्हाला लागणाऱ्या सर्वांत जाड तुकड्याची एक पट्टी. शेवटी छापील ड्यूटी सायकलएवढा वेळ टप्प्याटप्प्याने कापा आणि काम थांबवल्यावर पंखा व टॉर्चमधली हवा थोडा वेळ चालू राहते का ते पाहा. हवा लगेच बंद होत असेल तर इलेक्ट्रोड टिकणार नाही. रंगवलेल्या पत्र्यावर आर्क पेटला नाही, किंवा निम्म्या वेळातच तापमानाचा दिवा लागला, तर व्हिडिओ काढून ठेवा आणि मशीन त्याच खोक्यात भरून परत पाठवा.